रॅम जोडीनं घ्यावी

आमच्या वहिनींच्या कॉम्प्युटरला झाकण नसायचं. होतं ते काढून कपाटामागं उभं केलेलं, आणि कॉम्प्युटर आपला पोट उघडं टाकून टेबलावर, शेजारी गरगरणारा टेबलफॅन. येरमाळ्यात हमरस्त्याला लागून माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा, फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटोला आलेलं माणूस आत डोकावायचं आणि विचारायचं, "बिघडलाय व्हय हो?" वहिनी पडद्यावरची नजर न काढता सांगायच्या, "न्हाय. बिघडू नये म्हणून उघडा ठिवलाय." आणि बोलता बोलता उजवा हात आत घालून रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, पट्टीला बोटाचं टोक लावून बघायच्या. तव्यावरची भाकरी शेकली का बघताना बाई बोट टेकवते न टेकवते तोच उचलते, अगदी तसं. बोट किती वेळ टेकवता आलं, यावर त्यांचा पुढचा बेत ठरायचा.

वहिनी परंड्याच्या. लग्नाआधी तिथल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायच्या. दादा लग्नांचं शूटिंग करायचा, पण एडिटिंगला सगळं बार्शीला जायचं आणि ते लोक महिना महिना सीडीचं तोंड दाखवायचे नाहीत. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात वहिनी म्हणाल्या, "मी करते की हे." दादा हसला. त्याचा जुना कॉम्प्युटर फोटो छापतानाही धापा टाकायचा. वहिनी म्हणाल्या, "कॉम्प्युटर बी मीच जुळवते. फकस्त मधी बोलू नका."

मी त्यांच्याहून बरीच लहान, तरी नणंद म्हणून त्या मला 'ताई'च म्हणायच्या. मी तेव्हा धाराशिवला कॉलेजात होते. सुट्टीला घरी आले की त्यांच्याजवळ बसून असायचे. त्या पडद्यावर काम करायच्या आणि मला समजावून सांगायच्या. मला कळावं म्हणून नव्हे, स्वतःला नीट कळलंय का ते बघायला. "हे बघा ताई, ग्राफिक कार्ड घ्यायची आपली ऐपत न्हाय. मग प्रोसेसरच्या आत जे ग्राफिक असतं त्याच्यावरच भागवायचं. पण त्याला सोताची मेमरी नसते. ते रॅमवर जगतं. रॅम जोरात पळाली की ते बी पळतं. म्हणून आपल्यासारख्यानं पैसा कुठं घालायचा? रॅममदी. आणि रॅम जोडीनं घ्यावी. एक मोठी घेण्यापरास दोन लहान. एका बैलावर कधी औत चालतं का?"

जोडी घ्यायला त्या सोलापूरला गेल्या तेव्हा मीही बरोबर होते. दुकानदारानं पुढं काय काय मांडलं! लाल-निळे दिवे लुकलुकणाऱ्या पट्ट्या, पत्र्याचं चिलखत घातलेल्या पट्ट्या. वहिनींनी दिव्यांच्या पट्ट्या हळूच बाजूला सारल्या. मला कानात म्हणाल्या, "हे दिवे रॅमला न्हाय, गिऱ्हाइकाला लावल्यात." त्यांना हव्या होत्या साध्या, उघड्या, हिरव्या पाटीच्या. त्यावरचं कंपनीचं नाव त्यांनी वाचलंच नाही, काळ्या चिपवरची बारीक अक्षरं मोबाइलचा टॉर्च लावून वाचली. कुठल्या चिपा वरच्या वेगाला टिकतात हे त्यांनी कितीतरी दिवस वाचून ठेवलं होतं. दुकानदार भला माणूस होता. म्हणाला, "ताई, याच्यावर जो वेग छापलाय तेवढीच पळंल बघा. नंतर तक्रार नको." वहिनी म्हणाल्या, "तेवढ्याची तुमी हमी घ्या. त्याच्या वरचं माझं मी बघते."

वरचं बघण्याची त्यांची रीत अशी. वेग एक पायरी वाढवायचा आणि मग तपासणीचा प्रोग्राम लावून स्वयंपाकाला जायचं. दिवसभर तो प्रोग्राम रॅममध्ये आकडे लिहायचा, परत वाचायचा, ताडून बघायचा. एक जरी लाल ओळ आली, की वहिनी मुकाट्यानं एक पायरी खाली यायच्या. दादाला हा वेळखाऊपणा वाटायचा. "चालतोय की बेस, कशाला तपासतीस?" वहिनींचं उत्तर ठरलेलं असायचं, "वेग लगीच दिसतो. चूक दिसत न्हाय." मी एकदा म्हटलं, "चुकला तर बंदच पडेल ना?" तर म्हणाल्या, "बंद पडला तर बरंच हाय ताई. चालता चालता चुकतो, त्याची भीती."

पण जमलं तेव्हा जमलं. ज्या कामाला आधी अख्खा दिवस जायचा, ते जेवणानंतर लावलं की चहाच्या वेळेला तयार. दादा गिऱ्हाइकांना आत बोलावून दाखवायचा. "आमच्या मंडळींनी सोता जुळवलाय. मोठ्या स्टुडिओत असला न्हाय." वहिनी तोंडानं "बास करा" म्हणायच्या, पण खुर्चीत जरा ताठ बसायच्या. येडेश्वरीच्या यात्रेचं चित्रण त्यांनी यात्रा संपायच्या आत लोकांच्या हातात दिलं होतं. बाजारात बाया त्यांना थांबवून बोलायच्या. आई म्हणायची, "सून काय यंत्राला लागलीय बाई," पण म्हणताना तिच्या आवाजात कौतुकच असायचं. आमच्या घरातले ते सगळ्यांत चांगले दिवस होते.

मग तो उन्हाळा आला. लग्नाच्या तिथी दाट होत्या आणि दादा कुणालाच नाही म्हणत नव्हता. स्टुडिओला वरून पत्रा. दुपारी आत उभं राहवायचं नाही. थंडीत वहिनींनी वेग आणखी एक पायरी चढवला होता, तो तपासात उत्तम टिकला होता. पण थंडीतली तपासणी ती. त्या दादाला म्हणाल्या, "ऊन वाढलंय. एक दिवस द्या, परत तपासते." दादा म्हणाला, "दिवस कुठनं आणू? उद्या तामलवाडीचं लगीन, परवा इथलं." वहिनींनी बोट लावून बघितलं, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "बरं. एवढं तामलवाडीचं होऊ द्या, मग बघू." हे त्या नंतर कितीदा तरी बोलून दाखवायच्या. 'त्यांनी वेळ दिला नाही' असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. 'मी बरं म्हणले' असंच म्हणायच्या.

तामलवाडीचं लग्न घाईत ठरलं होतं. नवरीचं नाव स्वाती. तिच्या वडलांना, अण्णांना, अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. कित्येक महिने त्यांच्या तोंडून धड शब्द फुटला नव्हता. त्यांच्या डोळ्यांदेखत कार्य व्हावं म्हणून मांडव उन्हातच पडला. दादा सांगत होता, पाठवणीच्या वेळी अण्णांना खुर्चीतून गाडीपाशी आणलं. स्वाती पाया पडायला वाकली, त्यांनी तिच्या डोक्यावर बरा हात ठेवला आणि काहीतरी बोलले. बाजूला बँड, रडारड, गाडीचा हॉर्न. तिला ऐकू आलं नाही. पण दादा कॅमेरा घेऊन अगदी शेजारी होता. त्यानं तिला सांगितलं, "घाबरू नको, सगळं आलंय."

सगळं आलं होतं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी वहिनींनी कॅमेऱ्याच्या कार्डांवरचं चित्रण कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं, प्रत्येक क्लिपची सुरुवात बघितली, आणि कार्डं पुसून दादाच्या हातात दिली, कारण त्याला पुढच्या लग्नाला जायचं होतं. मी घरीच होते. आठवडाभरानं त्या पाठवणीच्या क्लिपांवर आल्या. एक उघडलीच नाही. दुसरीत अण्णांची खुर्ची दिसली, मग चित्राचे हिरवे-जांभळे चौकोन झाले, आणि अण्णांचा चेहरा मधूनच चिरल्यासारखा होऊन थांबला. आवाजाच्या जागी नुसती खरखर. वहिनींनी ती क्लिप परत लावली, दुसऱ्या प्रोग्राममध्ये लावली. मग तपासणी सुरू केली. लाल ओळी लगेच यायला लागल्या, एकीखाली एक. त्यांनी आत हात घालून बोट लावलं आणि झटक्यात मागं घेतलं.

"ताई," त्या म्हणाल्या, "रॅममदनं उतरवतानाच नासलं. म्या नासवलं."

दादा आल्यावर त्यानं ऐकून घेतलं, डोकं धरून बसला, आणि मग म्हणाला, "कार्ड खराब निघालं म्हणू. होतं असं. कुणाला बी होतं." दुसऱ्याच दिवशी निरोप आला की अण्णा गेले. दादानं तामलवाडीला फोन करून आधी दुःख व्यक्त केलं आणि मग कार्डाचं सांगितलं. पलीकडून 'बरं' म्हणून फोन ठेवला म्हणे. तेराव्यानंतर मात्र स्वातीचा फोन स्टुडिओवर आला. तो वहिनींनी घेतला. स्वाती एवढंच म्हणाली, "सगळं गेलं तर जाऊ द्या. अण्णा काय बोलले तेवढं मिळतंय का बघा."

दादा सोलापूरला गेला होता त्या दिवशी वहिनी मला घेऊन निघाल्या. तुळजापूरला गाडी बदलून आम्ही तामलवाडीला उतरलो. ओसरीत अण्णांचा हार घातलेला फोटो होता. स्वाती होती, तिचा भाऊ होता. पाणी पिऊन वहिनींनी पेला खाली ठेवला.

"स्टुडिओवाले भाऊ तर म्हणले, कार्ड खराब निघालं," स्वाती म्हणाली.

"कार्ड चांगलं व्हतं," वहिनी म्हणाल्या. "आमचा कॉम्प्युटर मी त्याच्या ताकदीपेक्षा जास्त पळवत व्हते. थंडीत तपासला व्हता, उन्हाळ्यात परत तपासाय पाहिजे व्हता. न्हाय तपासला. तुमचं चित्रण त्याच्यात गेलं."

भाऊ उठून उभा राहिला. "मग आता सांगाय आलाव व्हय? आमचा बाप परत बोलणार हाय का?"

वहिनींनी हात जोडले नाहीत की डोळ्याला पदर लावला नाही. खाली बघून बसून राहिल्या. त्याचं बोलून संपल्यावर त्या स्वातीकडं वळल्या. "पाठवणीच्या वक्ताला कुणाकुणाच्या हातात मोबाइल व्हते? आठवा जरा. लेकरांचे, पावण्यांचे, कुणाचे बी. मला त्येंची नावं सांगा, मी सोता जाते."

आणि त्या खरंच गेल्या. व्हॉट्सॲपवर मागवलं तर आवाज पिचून येतो, म्हणून मूळ क्लिपच हवी. त्यासाठी पिशवीत केबल घालून त्या स्वातीच्या नातलगांच्या गावोगाव फिरल्या. कुठं कुणी दारातूनच परतवून लावलं, कुठं मोबाइल विकलेला निघाला. एका शाळकरी मुलीच्या फोनमध्ये मात्र पाठवणीचं थोडं चित्रण सापडलं. घरी येऊन वहिनींनी आधी एक गोष्ट केली. रॅमचा चढवलेला सगळा वेग उतरवला. छापील वेगापेक्षाही खाली आणला. कॉम्प्युटर पुन्हा धापा टाकायला लागला. दादा म्हणाला, "आता ह्याला काय अर्थ?" वहिनी म्हणाल्या, "आता घाई न्हाय." बँडचा आवाज एकेक थर करून खाली उतरवत, तो थोडासाच तुकडा त्या कितीतरी दिवस ऐकत राहिल्या.

चित्रात अण्णांचं तोंड दिसतच नव्हतं. कुणाचा तरी फेटा मध्ये आला होता. नुसता हात दिसत होता, स्वातीच्या डोक्यावर ठेवलेला. आवाज होता, पण जड जिभेचा, अडखळत आलेला. तामलवाडीच्या ओसरीत आम्ही तो सगळ्यांनी मिळून ऐकला. वहिनींना वाटत होतं, 'जेवलीस का' असं आहे. भाऊ म्हणाला, न्हाय, 'येत जा' म्हणतेत. त्यानं परत लावायला सांगितलं, परत ऐकलं, आणि डोळे पुसत बाहेर निघून गेला. स्वातीनं कानाशी धरून पुन्हा पुन्हा ऐकलं. शेवटी म्हणाली, "दोन्ही म्हणले असतील." मग आत जाऊन ताटं घेऊन आली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. वहिनींनीही तसं काही मागितलं नाही. आम्ही जेवलो आणि निघालो.

इकडं घरात मात्र सगळं फाटत चाललं होतं. गोष्ट तामलवाडीहून तुळजापूरला आणि तिथून येरमाळ्याला यायला कितीसा वेळ! 'त्या स्टुडिओत चित्रण नासतं' एवढंच लोकांच्या ध्यानात राहिलं. धरलेली कामं सुटली. दादा ओरडणाऱ्यातला नव्हता, पण एकदा जेवताना त्याचा तोल गेला. "मला खोटं पाडलंस. त्येंनी कार्ड मान्य केलं व्हतं. कशाला उकरलंस?"

"कार्ड म्हणून बसले असते तर लोकाचे मोबाइल कोणत्या तोंडानं मागितले असते?" वहिनी म्हणाल्या.

"तू खरी झालीस. आणि मी?"

वहिनी ताट उचलून आत गेल्या. मला तेव्हा दोघांचंही वाईट वाटायचं, आजही वाटतं. दादानं खोटं सांगितलं ते पैशापायी नाही. बायकोचं नाव खराब होऊ नये, असंही त्याच्या मनात होतं. ते त्यानं तेव्हा बोलून दाखवलं असतं तर कदाचित निराळं झालं असतं. त्यानं बोलणंच सोडलं. एडिटिंग पुन्हा बार्शीला जायला लागलं. वहिनी दुकानात येऊन झाडून काढायच्या, फोटो कापून द्यायच्या, आणि दुपारभर त्या उघड्या कॉम्प्युटरसमोर बसून राहायच्या.

दिवाळीत त्या माहेरी गेल्या. परत आल्या तेव्हा टेबल रिकामं होतं. कॉम्प्युटर दादानं विकून टाकला होता, सगळाच्या सगळा. वहिनी त्या टेबलापुढं उभ्या राहिल्या. टेबलावर धूळ नव्हती तेवढा चौकोन स्वच्छ दिसत होता. मला वाटलं, आता भांडतील. त्या म्हणाल्या, "रॅमच्या पट्ट्या तरी काढून ठिवायच्या." दादा म्हणाला, "कशाला?" तेवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कपडे भरले. आई दारात आडवी आली, रडली. वहिनी तिच्या पाया पडल्या आणि चालायला लागल्या.

स्टँडवर मी त्यांची पिशवी धरून उभी होते. मी म्हटलं, "वहिनी, एका चुकीपायी कुणी घर सोडतं का?" त्या बार्शीकडच्या गाडीची वाट बघत होत्या. म्हणाल्या, "ताई, चूक केली म्हणून तुमच्या दादांनी मला कवाच कायबी म्हणलं न्हाय. चूक सांगितली, त्याचा राग हाय त्येंना. चुकीचं माप काढता येतं. ह्याचं मला काढता यीना." गाडी आली. त्यांनी पिशवी माझ्या हातातून घेतली आणि चढल्या. खिडकी त्यांना मिळाली ती पलीकडची.

परंड्यात त्या आता एका दुकानात दाखले आणि अर्ज भरून देतात. घटस्फोट नाही, नांदणंही नाही. मी शिकून लातूरला एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये लागले. ऊन वाढलं, की चालू असलेलं मशीन मी कामाच्या आधी पुन्हा ताडून घेते. बरोबरचे म्हणतात, चालतंय की. एकदा एका बाईचा रिपोर्ट आमच्याकडून चुकला, तेव्हा मी तिच्या घरी जाऊन सांगितलं. तामलवाडीच्या त्या ओसरीत वहिनी कशा बसल्या होत्या, तशी बसायचा प्रयत्न केला. मला तेवढं जमलं नाही.

गेल्या वर्षी माझं लग्न येरमाळ्यातच झालं. घरातून वहिनींना पत्रिका गेली नव्हती. फोन मी केला. त्या आल्या. साधी निळी साडी, मांडीवर पर्स, बायकांमध्ये अगदी मागं बसल्या. आईनं त्यांना बघितलं आणि नजर फिरवली. मग थोड्या वेळानं कुणाच्या तरी हातून सरबत पाठवलं. बहिणीच्या लग्नाला परका कॅमेरामन नको म्हणून शूटिंग दादाच करत होता. पंगती उठायच्या आत वहिनी माझ्याशी बोलून, गालावरून हात फिरवून निघून गेल्या. दादा आणि त्या एकमेकांशी बोलल्याचं कुणी पाहिलं नाही.

लग्नाचं न कापलेलं चित्रण मी दादाकडून मागून घेतलं. अक्षता पडून गेल्यावरचा एक भाग आहे. कॅमेरा बायकांवरून फिरत फिरत, दोन रांगांच्या मधून मागं जातो, आणि वहिनींपाशी थांबतो. पुढं सरकत नाही. हळूहळू चित्र धूसर होतं. वहिनी म्हणजे नुसता एक निळा ठिपका उरतात, आणि तसंच कितीतरी वेळ राहतं. सनई चालू आहे, कुणी हसतंय. मग वहिनींचा आवाज येतो, हळू, पण अगदी जवळून.

"अहो, फोकस सुटलाय."

मग दादाचा हात भिंगावर फिरला असावा. कानशिलावरचे पांढरे केस दिसायला लागतात, मग कपाळ, मग डोळे. वहिनी कॅमेऱ्याकडं सरळ बघत आहेत, आणि आता अगदी स्पष्ट दिसत आहेत.